माझी रायफल, माझं घर

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पूजा झाली, पण मनासारखी नाही. दरवर्षी निनाद रायफलला गंध लावतो, मी फूल वाहते आणि लेक उर्वी नाक मुरडत फोटो काढते. एरवी माझ्या नवऱ्याने रायफलला कधी बोट लावलेलं नाही, हा एक दिवस तेवढा त्याचा. यंदा सगळं नियमाने केलं. बोल्ट काढला, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवल्या, पाटावर रायफल मांडली आणि हाका मारमारून घसा बसला. हा आपला गराजमध्ये गाडीची काच पुसतोय. म्हणाला, "तूच लाव गंध. मला आत नको बोलावूस." मी म्हटलं, नोकरी गेली म्हणून देवाशी कट्टी कशाला? तो पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिला.

शेवटी मीच गंध लावलं आणि फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. इथे ऑस्ट्रेलियात, स्प्रिंगफील्ड लेक्समधली समस्त मराठी मंडळी खंडेनवमीला लॅपटॉप पुजतात. मी कोल्हापूरची आहे, कॉलेजात असल्यापासून नेमबाजी करते, मी शस्त्रच पुजणार. नीलिमाने ताबडतोब लिहिलं, "घरात टीनएजर मुलगी असताना हे बरं दिसतं का?" नीलिमा आमची शेजारीण, कुंपणाला कुंपण लागून. तिच्या मते बाईला छंद असावा, पण तो केक करण्याचा असावा.

असू दे. नोव्हेंबरच्या शेवटी क्वीन्सलँडच्या टीमची निवड आहे. पन्नास मीटर, पडून मारायची पॉइंट टू-टू रायफल. क्लबचा सेक्रेटरी वॉरन म्हणतो, या वर्षी माझी जागा पक्की. त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा. नीलिमाने तेव्हा केक करावा, मी खाईन.

५ ऑक्टोबर, रविवार

निनादने डोकं उठवलंय. रायफलच्या तिजोरीची किल्ली हलव, आणि कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस, हे त्याचं महिनाभर चाललंय. किल्ली इतकी वर्षं साबुदाण्याच्या डब्यात आहे. ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याच्या हाती किल्ली लागता कामा नये असा नियम आहे खरा, पण घरातल्या घरात इतकं कोण बघतं? मी म्हटलं, मी विसरभोळी, उद्या मलाच सापडली नाही तर विचारू कोणाला? तो म्हणाला, "मला नको विचारूस. प्लीज." एवढंसं तोंड करून. नोकरी गेल्यापासून माणूस नियमांचा भारीच भोक्ता झालाय.

दुपारी मला लॉनमोअर चालवायला शिकवला. इन्शुरन्सची फाइल कुठे आहे, वीजबिल कुठून जातं, तेही दाखवलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात तशातली गत. एवढा उत्साह नोकरी शोधायला दाखव म्हणावं. बोलले नाही, पण तोंडावर आलं होतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अक्षर कसंही येतंय, येऊ दे.

आज पोलीस माझी रायफल घेऊन गेले.

मी कामावरून आले तर दारात गाडी. एक बाई, एक पोरगेला हवालदार. बाई फार गोड बोलत होती. घरातल्या सुरक्षिततेबद्दल कोणीतरी काळजी व्यक्त केली आहे, म्हणून लायसन्स तूर्त सस्पेंड. कोणी केली काळजी? ते सांगता येत नाही. मी नियम मोडला का? नाही, तिजोरी, कुलूप सगळं उत्तम आहे. मग? मग ती म्हणाली, रायफल घराबाहेर, बंदुकांच्या डीलरच्या तिजोरीत ठेवायला तयार असाल तर लायसन्स लवकर परत मिळू शकेल. मी म्हटलं, माझी रायफल माझ्या घरात राहील. चोर आहे का मी?

तिने विचारलं, "इज एव्हरीवन ओके अॅट होम?" मी म्हटलं, एव्हरीवन इज परफेक्टली फाइन. तर ती माझ्याकडे न बघता निनादकडे बघायला लागली. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे त्याला म्हणाली, जरा बाहेर येता का, दोन शब्द बोलू. लायसन्स माझं, रायफल माझी, मेडल्स माझी, आणि बोलायचं ते घरातल्या पुरुषाशी! या देशात बाई पंतप्रधान होऊन गेली, पण ठाण्यात अजून कर्ता पुरुषच लागतो. दोघं बाहेर गाडीशी बराच वेळ उभे होते. खिडकीतून पाहिलं तर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तोही शुंभासारखा मान हलवत होता.

आत आल्यावर विचारलं, काय म्हणाली? "काही नाही. काळजी घ्या म्हणाली." तुला कशाला, माझी घे म्हणावं.

१० ऑक्टोबर

फोटो. दुसरं काय असणार? मंडळाच्या ग्रुपवरचा फोटो नीलिमाने पोलिसांना पाठवला. गंध लावलेली बंदूक बघून गोऱ्यांना काय वाटलं असेल ते वाटलं असेल. पूजा करून मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

कुंपणावरून तिने हात केला. मी केला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वॉरनला भेटले. तो वयस्क, गुडघे गेलेला, आणि सरकार म्हटलं की लाल होणारा माणूस आहे. पूर्वी तो "राइट्स, राइट्स" करायला लागला की मी चहा घ्यायला उठायचे. मला वाटायचं, अमेरिकेचं वारं लागलंय. इथे बंदूक हा हक्क नाहीच, सवलत आहे, हे कायद्यातच लिहिलंय आणि मला ते पटत होतं. एका राज्यात एक नियम, शेजारच्या राज्यात दुसरा, तरी पाळत होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आज वॉरन बोलत होता आणि मी हुं हुं करत होते. "टुडे इट्स यू, मेट. टुमॉरो इट्स द होल क्लब." वरून कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, आवाजाच्या तक्रारीवरून रेंजचे तास कमी करायचं काढलंय. म्हणजे राज्याने रायफल न्यायची आणि कौन्सिलने रेंजला कुलूप घालायचं. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.

सस्पेन्शनविरुद्ध ट्रायब्युनलकडे अपिलाचा अर्ज करायचं ठरवलं. निनाद म्हणाला, "आणि ते डीलरकडे ठेवायचं बघितलंस का?" हा कोणाच्या बाजूला आहे तेच कळत नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

निनादने त्याची क्रिकेटची बॅट नीलिमाच्या नवऱ्याला, नंदूला, देऊन टाकली. इंग्लिश विलो. भारतातून स्वतः बघून आणलेली. दिवाळीची भेट म्हणे. ज्यांनी माझी रायफल घालवली त्यांच्या घरी हा बॅट नेऊन देतो! जेवताना मी त्याला फाडून खाल्लं. उर्वी मध्येच ताट घेऊन उठली. "कॅन यू जस्ट स्टॉप, मम? लुक अॅट हिम." मी बघितलं. दाढी वाढली होती, बारीक झाला होता. म्हटलं, सणाच्या दिवशी दाढी तरी करायची.

१ नोव्हेंबर, शनिवार

मोठं भांडण झालं. निनाद म्हणतो डीलरकडे ठेव, अर्ज मागे घे, सिलेक्शनला तरी जाता येईल. आवाज न चढवता म्हणतो, त्यामुळे माझा जास्तच चढतो. मी म्हटलं, हा प्रश्न आता रायफलचा नाही, तत्त्वाचा आहे. मी कर भरते, नियम पाळते, माझ्या घरात काय ठेवायचं ते ब्रिस्बेनमधला कारकून ठरवणार नाही. तो म्हणाला, "घर आपलं दोघांचं आहे ना, चित्रा?"

खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, जाऊ दे, डीलर तर डीलर. मला निवड हवी आहे. पण मग नीलिमाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तिच्यापुढे नमायचं? मोडेन पण वाकणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

क्लबमध्ये सभा झाली. कौन्सिलर आली होती, एक तरुण मुलगी, पाण्याची बाटली धरून बसलेली. नीट बोलली. म्हणाली, सार्वजनिक सुरक्षितता आधी, बंदूक नंतर, कायद्याच्या पहिल्याच पानावर तसं आहे, आणि रेंजच्या तासांबद्दल तुमचं म्हणणं ऐकायलाच मी आले. वॉरनने मला कोपराने ढोसलं. मी उठले.

मी इतकं चांगलं कधीच बोलले नव्हते. म्हटलं, मी एकही नियम मोडला नाही हे पोलीसच सांगतात. माझ्या तिजोरीच्या पत्र्याची जाडी मोजायचा अधिकार राज्य सरकारला आहे, मान्य. पण माझ्या घरातल्या माणसांची मनं मोजायचा अधिकार त्यांना कोणी दिला? कोणी कुजबुजलं की हे दारात. आणि ज्याने कुजबुज केली, त्याला मी भ्याड म्हणते. हिंमत असेल तर समोर येऊन माझ्या डोळ्यांत बघून बोल. नंदू-नीलिमा तिथे नव्हते, तरी मी ते त्यांनाच म्हणत होते.

टाळ्यांनी पत्र्याचं छप्पर दणाणलं. निनादने मला गाडीने नेलं होतं, तो शेवटच्या रांगेत बसला होता. टाळ्या वाजवत नव्हता. शाळा सुटल्यावर न्यायला कोणी आलं नाही की पोर बघतं, तसा बघत होता. परतताना फ्रीवेवर मी म्हटलं, बरं बोलले ना? "हो, खूप छान बोललीस."

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नीलिमाच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, फोटो तू पाठवलास ना पोलिसांना? ती पिठाच्या हाताने तशीच उभी. मी नाही म्हणाली. मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. तिने आवाज चढवायला हवा होता. तिने चढवला नाही. म्हणाली, "चित्रा, निनाद कसा आहे?"

विषय बदलू नकोस, मी म्हटलं. ती म्हणाली, विषय हाच आहे. तू सकाळी निघून गेलीस की तो गाडी काढतो आणि तळ्याकाठच्या कार पार्कमध्ये नुसता बसतो. नंदूला वॉक करताना दिसला, तेव्हापासून नंदू रोज जाऊन त्याच्या शेजारी बसतो. "तुला माहीत असेल असं वाटलं आम्हाला." मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचं मला सांगू नकोस, आणि आले.

घरी येऊन मोठ्याने सगळं निनादला ऐकवलं. तो सिंकपाशी होता. नळ बंद केला.

"नीलिमाला सोड. मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"पोलिसांना. मीच गेलो होतो ठाण्यात. डॉक्टर म्हणाले जा, म्हणून गेलो." मग म्हणाला, "मला भीती वाटत होती."

"कोणाची?"

"माझी."

खोटं लिहायचं तर वही कशाला. म्हणून लिहिते, की यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "माझं सिलेक्शन घालवलंस तू."

तो हो म्हणाला. सॉरी म्हणाला. उर्वी जिन्यात उभी होती, तिने सगळं ऐकलं. ती त्याच्याकडे गेली, माझ्याकडे नाही. त्याच्या पाठीला चिकटून मला म्हणाली, "मी रोज शाळेत जायच्या आधी गराज चेक करते, मम. एव्हरी सिंगल मॉर्निंग. व्हेअर वेअर यू?"

सकाळी मी रेंजवर असायचे. ऑक्टोबरपासून तेही नाही. ऑक्टोबरपासून मी कामाला लवकर निघायचे, म्हणजे डेस्कवर बसून ट्रायब्युनलचे नियम वाचता येतील.

१० नोव्हेंबर, सोमवार

कामावर गेले नाही. राग मावत नाही.

त्याचा राग येतो. मला तोंड फोडून सांगता येत नव्हतं? किल्ली हलव, किल्ली हलव, हे काय सांगणं झालं? सरळ सांगायचं, चित्रा, माझ्या डोक्यात भलतंसलतं येतंय. चौदा वर्षांची पोर ओळखते, नंदू ओळखतो, आणि बायकोला कोड्यात सांगायचं?

आज हेच त्याला विचारलं. तो म्हणाला, "तू म्हणाली असतीस, मूर्खासारखं बोलू नकोस." मी म्हणाले असते. अगदी ह्याच शब्दांत म्हणाले असते. त्याचा मला जास्त राग आला.

आणि त्या ठाण्यातल्या बाईचा. हा काउंटरवर जाऊन उभा राहिला, आपल्याच बायकोची रायफल घेऊन जा म्हणाला, आणि तिने ऐकलं. हसली नाही, डोळे फिरवले नाहीत, दोन गोष्टी विचारल्या आणि आली. इतकं सोपं होतं ऐकणं. तिला जे जमलं ते मला जमलं नाही, आणि वर मी खिडकीतून बघत म्हणत होते की हिला बाईशी बोलायची लाज वाटते.

नोकरी गेली ती जूनमध्ये. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, दुसरी मिळेल, त्यात काय. मग माझा सीझन सुरू झाला.

रायफल आज घरात असती तर, हे वाक्य मला पूर्ण लिहायचं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरांकडे दोघं गेलो. तो आधीपासून जात होता, औषधं गाडीच्या डिकीत ठेवायचा. मी आत बसू का विचारलं तर हो म्हणाला. तो बोलला, मी गप्प बसले. माझ्यासाठी ती मोठीच शिक्षा. आता औषधं स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी ठेवतो.

तिथून ट्रायब्युनलला फोन करून अर्ज मागे घेतला. लायसन्सवाल्यांना कळवलं, रायफल डीलरकडे राहील, कायमची. त्यांचा निर्णय व्हायला वेळ लागेल, निवड तोवर होऊन जाईल.

वॉरनला फोनवर सांगितलं तर तो भडकला. मी सभेत बोलल्यापासून क्लब माझ्या मागे उभा राहिला, पैसे गोळा करायचं चाललं होतं, आणि मी पाय मागे घेते? "यू केव्ड." म्हणजे मी शेपूट घातलं. मी कारण सांगितलं नाही. ते निनादचं आहे, त्याला हवं तर तो सांगेल. वॉरनच्या दोन मुद्द्यांत अजूनही दम आहे, रेंजचे तास कमी होऊ नयेत असं मला आजही वाटतं, आणि मी कौन्सिलला तसं लिहिणार आहे. पण त्याने पुन्हा विचारलं, मग कोणी केली होती तक्रार, कळलं का? मी म्हटलं, कळलं. घरच्याच माणसाने, आणि ठाण्यात स्वतः उभं राहून, नाव सांगून. तो म्हणाला, "गटलेस बास्टर्ड."

मी फोन ठेवला नाही. आधी त्याला म्हटलं, वॉरन, यू टेक दॅट बॅक. त्याने काही मागे घेतलं नाही. मग ठेवला.

१६ नोव्हेंबर, रविवार

नीलिमाकडे गेले. माफी मागणं मला जमत नाही. म्हटलं, मी चुकले. ती म्हणाली, फोटो मला तरी आवडला नव्हता, ते वेगळं. मी म्हटलं, ते वेगळंच. नंदूने बॅट परत द्यायला आणली तर निनादने घेतली नाही. म्हणाला, ठेव, मला लागली की मागेन. लागली की, असं म्हणाला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज निवड झाली. टीमची नावं दुपारी क्लबच्या पेजवर आली. माझ्या जागी टुवूम्बा गावची एक पोरगी आत गेली, आणि तिचे गुण मी सरावात मारते त्यापेक्षा कमी आहेत. मी फोन सोफ्यावर आपटला. वाईट वाटलं नाही, समजूत पटली, असं काही लिहिणार नाही. जळफळाट झाला. पुढच्या वर्षी मी चव्वेचाळीस.

निनाद म्हणाला, चल, बाहेर जाऊ, फिश अँड चिप्स खाऊ. बऱ्याच दिवसांनी त्याने स्वतःहून काही काढलं होतं. माझी गाडी त्याने रिव्हर्स घेतली आणि ड्राइव्हवेच्या टोकाचा लेटरबॉक्स विटांसकट आडवा केला. मागचा दिवा फुटला, डिकीला पोचा पडला. उतरून त्या विटांकडे बघत म्हणतो, "हा इथे होता होय?"

मग मी सुटले. इतकी वर्षं इथे राहतोस, पोस्टमनला दिसतो तुला दिसत नाही? आरसा कशाला दिलाय गाडीला, भांग पाडायला? आरसा झाला, इन्शुरन्स झाला, जून झाला, डिकीतली औषधं झाली, टुवूम्बाची पोरगी झाली, सगळं त्या ड्राइव्हवेत काढलं. माझा आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला असणार. नीलिमा धावत बाहेर आली, तिच्या मागे नंदू. तिचा चेहरा पांढराफटक. काय झालं, निनाद कुठे आहे, असं विचारत होती.

निनाद विटा गोळा करत होता. त्याने हात वर करून मी इथे आहे अशी खूण केली.

मी म्हटलं, काही नाही गं, जा आत. नवऱ्याला झापतेय.